बालपणीचे घाव आणि साठीतली दुखणी



आरोग्य शिबिरात दरवर्षी आपण सगळे रांगेत उभे राहतो. रक्तदाब, साखर, वजन, कोलेस्टेरॉल, सगळे मोजून होते. डॉक्टर विचारतात, तंबाखू-सिगारेट? मीठ किती? रोज चालता का? घराण्यात कुणाला हृदयविकार? आम्हीही या प्रश्नांची उत्तरे दरवर्षी (थोडी सोयीची करून) देत आलो आहोत. पण "तुमचे लहानपण कसे गेले?" असे कुठल्याही डॉक्टरांनी आम्हाला कधी विचारले नाही. विचारले असते तर आम्हीच म्हटले असते, डॉक्टरसाहेब, ते राहू द्या, गुडघ्याचे बोला.

गेल्या वर्षी आमचा आतेभाऊ गेला. वय ५९. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते. भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच कारण सांगितले, सिगारेट. ते खोटे नव्हते. दिवसाला पाकीट-दीड पाकीट व्हायचे, आणि रक्तदाबाची गोळी पस्तिशीपासून चालू होती. आमची भाची पुण्यात बालरोगतज्ज्ञ आहे, तीही आली होती. तिने मात्र वेगळेच विचारले. "मामा, त्यांचं लहानपण कसं गेलं रे?"

आम्ही गप्प बसलो. कारण ते आम्हाला ठाऊक होते.

आम्ही एकाच वाड्यात वाढलो. रामबागेतला जुना वाडा, नऊ बिऱ्हाडे, मधे अंगण. आत्याच्या दोन खोल्या मागच्या बाजूला. आतोबा कापड गिरणीत होते. आधी पगाराच्या दिवशी आणि पुढे पुढे इतर दिवशीही ते पिऊन घरी यायचे. अंगणात सायकल स्टँडवर लावल्याचा खटका वाजला की आतेभाऊ आमच्याशी बोलता बोलता वाक्य अर्धे सोडून उठायचा. पुढचा तास-दीड तास भिंतीपलीकडून जे ऐकू येई ते साऱ्या वाड्याला ऐकू येई. कुणी रेडिओचा आवाज वाढवी, कुणी मुलांना मोठ्याने पाढे म्हणायला बसवी. सकाळी आत्या नळावर आली की कुणी काही विचारत नसे. 'त्यांच्या घरची गोष्ट' म्हणून आम्ही सगळ्यांनी ती तशीच ठेवली.

भाचीने त्या दिवशी जे समजावले आणि नंतर आम्ही स्वतः जे वाचून काढले, ते इथे मांडतो. आम्ही बी.कॉम., नोकरीची सगळी वर्षे बँकेत गेलेली. वैद्यकातले आम्हाला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आकड्यांशी मात्र आमचे बरे जमते, आणि हा विषय बराचसा आकड्यांतूनच पुढे आला आहे.

दहा प्रश्न

इंग्रजीत याला 'ॲडव्हर्स चाइल्डहूड एक्स्पीरियन्सेस' म्हणतात. आद्याक्षरे घेऊन 'एस' असा उच्चार करतात. मराठीत बालपणातले प्रतिकूल अनुभव म्हणू. वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी घरात घडलेल्या दहा प्रकारच्या गोष्टी यात मोजतात.

पाच गोष्टी थेट मुलाच्या वाट्याला येणाऱ्या. वारंवार शिवीगाळ, अपमान, धमक्या, शारीरिक मारहाण, लैंगिक अत्याचार, या घरात आपण कुणाला हवेसे नाही असे वाटावे इतकी माया नसणे, आणि जेवण, कपडे, औषधपाणी यांचीच आबाळ. दुसऱ्या पाच गोष्टी घरातल्या मोठ्या माणसांच्या, पण मूल त्यांचे साक्षीदार असते. आईला मारहाण होणे. घरात कुणी दारू किंवा इतर नशेच्या आहारी गेलेले असणे. कुणाला गंभीर मानसिक आजार असणे किंवा कुणी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असणे. आईवडील विभक्त होणे. घरातले कुणी तुरुंगात जाणे. एकेका प्रकाराला एक गुण. मार एकदा बसला की शंभरदा, गुण एकच. म्हणजे शून्य ते दहा असा आकडा येतो.

नापास झाल्यावर बसलेला ओरडा, हट्ट न पुरवणे, आजोळी जायला न मिळणे हे यात धरत नाहीत. तेवढे तर प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि त्यातून मूल काही शिकतेही.

आतेभावाचा हिशेब आम्ही भाचीसमोर बोटांवर केला. शिवीगाळ, मार, आत्याला होणारा मार, दारू. चार. आम्हाला माहीत असलेले चार.

वजन कमी होताच पळून जाणारे रुग्ण

या दहा प्रश्नांचा उगम अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरातला. तिथे कैसर पर्मनेन्टे या मोठ्या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी प्रतिबंधक वैद्यकाचा विभाग पाहत. १९८०च्या दशकात ते अतिस्थूल लोकांसाठी वजन कमी करण्याचा उपक्रम चालवत होते. उपक्रम यशस्वी होता, लोकांचे वजन भराभर उतरत होते. चमत्कारिक गोष्ट अशी की ज्यांचे वजन उत्तम उतरत होते त्यांतलेच बरेच जण उपचार अर्धवट सोडून निघून जात आणि पुन्हा जाडे होत. आमच्या धंद्यात म्हणायचे तर नियमित हप्ते भरणारा ग्राहक अचानक गायब व्हावा तसे.

फेलिट्टींनी त्यांचा नाद सोडला नाही. सोडून गेलेल्यांना आणि इतरांना गाठून त्यांच्या आयुष्याची साद्यंत माहिती विचारली. त्यांतून मोठ्या संख्येने एकच गोष्ट बाहेर आली, लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार. त्यातल्या कित्येकांना जाड शरीर म्हणजे एक कवच वाटत होते. जाड माणसाकडे कुणी वळून पाहत नाही. वजन उतरू लागले की लोकांच्या नजरा पुन्हा वळत आणि आतली भीती जागी होई. डॉक्टर ज्याला आजार समजत होते तो त्या रुग्णांनी स्वतःपुरता शोधलेला इलाज होता.

हे कळल्यावर आम्हाला आतेभावाच्या मुलाचे एक बोलणे आठवले. तो म्हणाला होता, "काका, बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. फार राग आला की गच्चीत जायचे आणि एकापाठोपाठ एक सिगारेट ओढून खाली यायचे." आम्ही त्याला सिगारेट सोड, सिगारेट सोड म्हणून आयुष्यभर बोलत आलो. तो त्या सिगारेटवर काय तोलून धरतो आहे, हे आमच्या डोक्यातही आले नाही. सिगारेट वाईटच. पण ती काढून घेताना तिच्या जागी काय द्यायचे, हाही प्रश्न आहे.

फेलिट्टींच्या म्हणण्यावर सुरुवातीला इतर डॉक्टरांचा फारसा विश्वास बसला नाही. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रातले डॉ. रॉबर्ट अँडा यांनी मात्र ते मनावर घेतले. दोघांनी मिळून १९९५ ते १९९७ या काळात सॅन दिएगोला संपूर्ण तपासणीसाठी येणाऱ्यांना प्रश्नावली पाठवली. सतरा हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली, आणि पहिला निबंध १९९८ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन'मध्ये छापून आला.

हे लोक कोण होते, हे फार महत्त्वाचे आहे. असल्या गोष्टी झोपडपट्टीत होतात, दारुड्यांच्या घरी होतात, 'आपल्यात' होत नाहीत, असे आपण बिनदिक्कत म्हणतो. सॅन दिएगोचे हे लोक बहुतांशी गोरे, शिकलेले, नोकरीपेशाचे, आरोग्यविमा असलेले, पन्नाशी ओलांडलेले होते. म्हणजे देश सोडला तर आपल्या शिबिराच्या रांगेत उभे राहणाऱ्यांसारखेच. त्यांच्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांच्या नावावर किमान एक गुण होता. शेकडा २८ जणांनी लहानपणी मार खाल्ला होता, शेकडा २७ जणांच्या घरी कुणी ना कुणी व्यसनी होते. आठात एकाच्या नावावर चार किंवा त्याहून जास्त गुण होते.

मग हे गुण त्यांच्या आजारांशी ताडून पाहिले. शून्य गुणवाल्यांच्या तुलनेत चार किंवा अधिक गुण असणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांची शक्यता दुपटीहून थोडी जास्त निघाली. जुनाट श्वसनविकारांची जवळपास चौपट, नैराश्याची चौपटीहून अधिक, दारूच्या व्यसनाची सातपट. आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता बारा पट. मधुमेहातला फरक त्यामानाने कमी, दीडपटीच्या आसपास. आणि आकडा जसजसा वाढत जातो तसतसा धोकाही पायरी-पायरीने वाढत जातो, हे त्यातले सर्वांत बोलके. योगायोगाने आकडे असे पायऱ्यांनी चढत नाहीत, एवढे ताळेबंद तपासून आम्हालाही कळते.

यावर आम्ही भाचीला विचारले, ही माणसे सिगारेट-दारू जास्त करत असतील, म्हणून आजारी पडली, त्यात नवल काय? ती म्हणाली, अर्धे उत्तर तेच आहे. पण सिगारेट, वजन, व्यायामाचा अभाव हे सगळे हिशेबातून वजा करून पाहिले तरी हृदयविकाराचा धोका पुरता नाहीसा होत नाही. काही तरी थेट शरीरातच होते.

रोज संध्याकाळी येणारा कुत्रा

शरीरात काय होते ते तिने फार सोपे करून सांगितले. समजा गल्लीत कुत्रा अंगावर धावून आला. मेंदू क्षणात धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल रक्तात सोडतात. हृदय धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते, पचन थांबते. सगळी ताकद पळायला किंवा लढायला. कुत्रा निघून गेला की सगळे हळूहळू जागेवर येते. देवाने केलेली ही उत्तम सोय आहे.

"पण मामा, कुत्रा घरातच असेल तर? आणि रोज संध्याकाळी येत असेल तर?"

मग घंटा बंद होतच नाही. सायकलचा खटका वाजण्याआधी तास-दोन तास मूल कानोसा घेत बसते. वाढत्या वयात मेंदू आणि शरीर यांची घडण चालू असते, आणि ती या सततच्या सावधपणाला धरूनच होत जाते. धोका ओळखणारा भाग अतिजागरूक होतो. स्मरण, शिकणे, रागाला लगाम घालणे सांभाळणाऱ्या भागांवर ताण पडतो. अशा मुलाला शाळेत 'लक्ष नाही', 'उर्मट आहे' असे शेरे मिळतात. रोगप्रतिकारशक्तीही सारखी तलवार उपसून बसलेली राहते. त्याने शरीरात बारीक दाह चालू राहतो, आणि हाच दाह पुढे रक्तवाहिन्या खराब करतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जात आहे. त्यांपैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला होता त्यांच्या रक्तात वयाच्या ३२व्या वर्षी या दाहाच्या खुणा जास्त आढळल्या. घर सुटून कितीतरी वर्षे झाल्यावर.

हार्वर्ड विद्यापीठातले बालविकासाचे अभ्यासक ताणाचे तीन प्रकार करतात. पहिला चांगला ताण, म्हणजे शाळेचा पहिला दिवस, स्पर्धेत नाव पुकारले जाणे. दुसरा सोसण्याजोगा, म्हणजे आजोबांचे जाणे, अपघात. तिसरा विषारी ताण. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक घटनेच्या आकारापेक्षा एका गोष्टीने पडतो. ते सोसताना मुलाच्या शेजारी त्याला धीर देणारे मोठे माणूस होते की नव्हते.

आमच्या वाड्यात मोठी माणसे वीस-बावीस तरी होती.

आपल्याकडचे चित्र

हे सगळे अमेरिकेचे, आपल्याकडे एकत्र कुटुंबे, संस्कार वगैरे, असे म्हणणाऱ्यांसाठी. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांना मारहाण झालेली होती. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक मुलांना मारणारे आईवडीलच होते. निम्म्याहून अधिक मुलांनी, म्हणजे ५३ टक्क्यांनी, कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक त्रास सांगितला. त्यात मुलगेही मुलींइतकेच होते, हे विसरू नये. निम्म्या प्रकरणांत करणारा ओळखीचा, विश्वासातला माणूस. आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाही सांगितले नव्हते.

ते दहा प्रश्न आपल्या घरांना तंतोतंत बसत नाहीत, हेही खरे. आईचा किंवा वडिलांचा मृत्यू त्यात नाही. जातीवरून झालेला अपमान, भयंकर गरिबी, शाळेतला छळ, दंगल, यांपैकी काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने इतर देशांसाठी वेगळी, मोठी प्रश्नावली केली आहे आणि तिच्यात सोबत्यांकडून होणारा छळ आणि आसपासची हिंसा धरली आहे. आमच्या मते आपल्याकडे आणखी एक प्रश्न हवा. 'मुलगी झाली' म्हणून घरात पसरलेली शांतता तुम्हाला पुढे कुणी ऐकवली का? पण तो आमचा आगाऊपणा.

आकडा म्हणजे पत्रिका नव्हे

आता एक इशारा. हे दहा प्रश्न हल्ली मोबाइलवर फिरतात. लोक दोन मिनिटांत गुण काढतात आणि घाबरतात, किंवा दुसऱ्याचे गुण काढून त्याला बिचारा ठरवतात.

बँकेत गृहकर्जाच्या अर्जाला आम्ही गुण द्यायचो. नोकरी किती जुनी, उत्पन्न किती, खाणारी तोंडे किती, आधीचे कर्ज किती. हजार खाती एकत्र पाहिली तर कमी गुणांच्या गटात थकबाकी जास्त निघते, हे पक्के. म्हणून बँक त्या गटासाठी तरतूद करते. पण समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस कर्ज फेडील की बुडवील, हे तो आकडा सांगत नाही. आमच्या शाखेत जेमतेम गुणांवर पास झालेल्या एका रिक्षावाल्याने शेवटचा हप्ता चार महिने आधी भरला होता. आणि पैकीच्या पैकी गुण असलेल्या एका साहेबांच्या दारी आम्हाला नोटीस घेऊन जावे लागले होते.

प्रतिकूल अनुभवांच्या आकड्याचेही तसेच. तो समाजाचा धोका मोजायला काढला आहे. खुद्द डॉ. अँडा यांनी २०२० साली सहकाऱ्यांसह लिहिले की हा आकडा एकेका व्यक्तीचे भविष्य ठरवायला वापरू नका. तो फार ढोबळ आहे. किती वेळा झाले, कोणत्या वयात झाले, कुणी सावरले का, यातले काहीच त्यात येत नाही. याउलट कॅलिफोर्नियात डॉ. नदिन बर्क हॅरिस यांच्या पुढाकाराने २०२० पासून दवाखान्यांतूनच ही विचारणा करायला सुरुवात झाली. त्या तिथल्या पहिल्या सर्जन जनरल. त्यांचे म्हणणे, विचारलेच नाही तर मदत कशी करणार? आम्हाला दोन्ही बाजू पटतात. विचारावे, पण विचारणाऱ्याकडे ऐकून घ्यायला वेळ आणि पुढे पाठवायला जागा असेल तरच.

सावरणारे कोण?

हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या छोट्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा डॉ. एमी वर्नर यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणे, व्यसन, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणी एकत्र असलेल्या मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुले पुढे कर्तबगार, मायाळू माणसे झाली. त्यांच्यात जे समान सापडले त्यात एक गोष्ट ठळक होती. आईवडिलांना जमले नाही तरी आजी, आजोबा, मावशी, शिक्षक, शेजारी, असे कुणीतरी एक माणूस त्यांना धरून राहिले होते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. इथे वाईट अनुभवांसोबत चांगल्या अनुभवांचेही सात प्रश्न विचारले. घरच्यांशी मनातले बोलता येत होते का? कठीण काळात घरचे पाठीशी उभे राहिले का? घरात सुरक्षित वाटावे असे कुणी मोठे होते का? मित्रांचा आधार होता का? शाळेत आपलेपणा वाटत होता का? आईवडिलांशिवाय निदान दोन मोठी माणसे तुमच्यात खरा रस घेत होती का? आणि समाजाच्या सणसमारंभांत भाग घ्यायला आवडत होते का? यातल्या सहा-सात प्रश्नांना 'हो' म्हणणाऱ्यांत नैराश्य आणि मानसिक अस्वास्थ्याची शक्यता, दोन किंवा त्याहून कमी 'हो' असणाऱ्यांपेक्षा ७२ टक्क्यांनी कमी निघाली. वाईट अनुभवांचे गुण जास्त असतानाही हा फरक टिकला.

शेवटचे दोन प्रश्न आम्ही दोनदा वाचले. गणेशोत्सवातली बालनाट्ये, कोजागिरी, रविवारचा बालवर्ग हे आपण मराठी टिकावी म्हणून करतो. हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून ते करावेच लागते. पण त्या मुलांत एखादे असे असेल ज्याला घरी जायची घाई नसते. नाटकाची तालीम संपली तरी सतरंज्या गुंडाळत रेंगाळणारे. त्याला "अरे, घरी जा आता, उशीर झाला" म्हणण्याआधी शेजारी बसून दोन शब्द बोलता येतील. आतेभाऊ असाच रेंगाळायचा. वाड्यातल्या एक काकू त्याला हाक मारून वरणभात वाढायच्या, काही न विचारता. तो शेवटपर्यंत दर दिवाळीला फराळाचा पहिला डबा त्यांच्याकडे नेऊन द्यायचा.

मुलाने स्वतःहून काही सांगितले तर आधी ऐकून घ्यावे. "तो असे करणार नाही", "तुझाच काही गैरसमज" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नयेत. पोलिसासारखी उलटतपासणी करू नये. 'कुणाला सांगणार नाही' असे वचनही देऊ नये, कारण सांगावे लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे माहीत असूनही न कळवणे हा गुन्हा आहे, मग तुम्ही नातेवाईक असा की शेजारी. मुलांसाठीचा चोवीस तासांचा मोफत क्रमांक १०९८. शाळेत मारणे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदच आहे. आणि आपल्या वयाच्या ज्यांना हे वाचताना स्वतःचेच काही वर आले असेल, रात्री झोप लागेनाशी झाली असेल, त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. साठीत कशाला उकरायचे, असे म्हणू नये. पुढच्या शिबिरात डॉक्टरांना रक्तदाबाच्या इतिहासाबरोबर दोन वाक्ये हीही सांगावीत. औषध बदलेल असे नाही, पण डॉक्टरांना पूर्ण माणूस दिसेल.

आमचा स्वतःचा आकडा एक आला. मार. त्या काळी तो सर्रास होता आणि 'म्हणूनच आम्ही घडलो' असे आम्ही अभिमानाने सांगत आलो. तीच शिस्त आम्ही मुलाला लावली. सातवीत गणितात कमी गुण पडले त्या संध्याकाळी कमरेचा पट्टा काढला होता. एकदाच, असे आम्ही धरून चाललो होतो. हा लेख लिहिण्याआधी त्याला बंगळुरूला फोन केला आणि विचारले, ते आठवते का. तो म्हणाला, "बाबा, तीनदा." मग बराच वेळ बोलणे झाले, तो बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो.